सुंबीचं पहिलं बाळंतपण

"इद बसरी ऐती, नोड," शेजारच्या अक्का जाळीला नाक लावून म्हणाल्या. बसरी म्हणजे गरोदर, नोड म्हणजे बघ. दिवाळीच्या फराळाचं ताट द्यायला आल्या होत्या, आमच्याकडची करंजी हातात तशीच राहिलेली. मला हसू आलं. आमच्या सुंबीनं, म्हणजे पाळलेल्या सरडीनं, जन्मात नराचं तोंड बघितलेलं नव्हतं. पुण्यातल्या माझ्या मावसभावानं ती बोटाएवढी असल्यापासून एकटीच वाढवलेली. तो नोकरीसाठी परदेशी निघाला आणि ऐन गौरी-गणपतीत पिंजरा, दिवे, सलाईनची नळी आणि कागदपत्रांची फाईल असा सगळा सरंजाम घेऊन ती बेळगावात, आमच्या वडगावच्या घरी आली.

"पोट नोड," एवढं म्हणून अक्का करंजी खात निघून गेल्या. तीन लेकींची आणि दोन सुनांची बाळंतपणं निस्तरलेली बाई. मी पोट बघितलं. दोन्ही कुशींना, कापडी पिशवीत ओले वाटाणे भरल्यासारखे उंचवटे. रोज बघत होते, पण सुंबी बाळसं धरतेय असं समजून खूश होत होते.

सुंबी म्हणजे शॅमेलिऑन, सरडगुहिरा. कोकणाकडं घोयरा म्हणतात. पण ही आपल्या रानातली नव्हे. खानापूरकडच्या बांधावर, झुडपात डुलत डुलत पाय टाकणारा जो हिरवा सरडगुहिरा दिसतो त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याला धरून घरात ठेवणं हा गुन्हा. लोक विषारी म्हणून त्याला दगडं घालतात तोही गुन्हाच, आणि वर अडाणीपणा, कारण त्याला विष नसतंच. सुंबीची जात येमेन आणि सौदी अरेबियातली, डोक्यावर उभा तुरा असलेली. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये येते, म्हणून 2024 च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद आहे. मालक बदलला तर कळवायचं, पिल्लं झाली तर तेही कळवायचं. हे आधीच सांगून टाकलं, कारण फोटो बघितला की लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो.

नाव मी गौरी ठेवणार होते. सासूबाईंनी डोळे वटारले, "देवीचं नाव सरड्याला?" अक्का तिला कन्नडात गोसुंबे म्हणायच्या, त्याचं आमच्या चौथीतल्या चिरंजीवांनी सुंबी करून टाकलं. शेपटीची गुंडाळी बघितली की सुंभाचं वेटोळंच वाटतं, त्यामुळं नाव मराठीतही खपलं.

भावाला फोन लावला. तिकडं पहाट होती. त्यानं एकच विचारलं, "महिन्याभरापूर्वी अंगावर निळे ठिपके आलेले का?" आले होते. आकाशी, अगदी टपोरे. मी तर "किती गोड दिसतेय" म्हणून फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते. तो रंग म्हणजे मी वयात आलेय, नर असेल तर चालेल, अशी जाहिरात असते. नर नाही मिळाला तरी अंडी तयार व्हायची थांबत नाहीत. मला हे पटायला जरा वेळ लागला. मग सासूबाईच म्हणाल्या, "त्यात काय, दुकानातली अंडी देणाऱ्या कोंबड्यांना कुठं कोंबडा असतो?" खरंच की. अंडी रिकामी असतात, पण ती घालावी तर लागतातच. आणि घालायला जागा मिळाली नाही तर मादी ती पोटात अडवून ठेवते, आणि त्यातच मरूही शकते. नर नसलेल्या घरातल्या माद्या बऱ्याचदा अशाच जातात, कारण मालक गाफील असतो. माझ्यासारखा.

दुसरी चूक तर ठळक माझी. भावानं फाईलमध्ये लिहून दिलेलं, दिवसाआड तीन-चार किडे, बास. मी रोज दहा घालत होते. काय करणार, ती एक डोळा माझ्याकडं आणि एक डोळा रातकिड्यांच्या डब्याकडं फिरवून अशी बघायची की आपणच कंजूष वाटावं. जावयाचा पाहुणचार चालला होता. वर थंडी वाजेल म्हणून ऊन देणारा दिवा खाली सरकवलेला. भरपूर खाणं आणि भरपूर ऊब मिळाली की मादीचं शरीर समजतं, सुगी आहे, घाला अंडी. वीस-तीसवर भागायचं तिथं साठ-सत्तरपर्यंत जातं, आणि तेवढ्या अंड्यांचं कवच बनवायला कॅल्शियम तिच्याच हाडांतून निघतं. दिव्याखालची फांदी मी 27-28 अंशांवर आणली, पण तेव्हा तीर सुटलेला होता.

कॅल्शियमचा विषय निघाला तसा सासूबाईंनी पानाच्या डब्यातून चुन्याची डबी काढली. "आम्हाला गरोदरपणात गव्हाएवढा चुना देत होते." त्यांना हात जोडून थांबवलं. खायचा चुना त्या एवढ्याशा तोंडाला भाजेल. किड्यांवर भुरभुरायची ती साधी कॅल्शियमची पूड असते, त्यात फॉस्फरस नको. आणि ती अंगी लागायची तर अतिनील ट्यूब किंवा खरं ऊन हवं. काचेतून आलेलं ऊन यासाठी कुचकामी. मी तिला रोज सकाळी वीस मिनिटं गच्चीवर जास्वंदीच्या कुंडीत बसवायला लागले. जास्वंदीची पानं-फुलंही ती मजेत खाते.

आता वाळू. अंडी घालायला बारा इंच खोल, ओली, भुयार टिकेल अशी जमीन लागते. टब मिळाला, वाळू मिळेना. हल्ली बांधकामावर सगळीकडं एम-सँड, म्हणजे दगडाचा चुरा, धारदार. तिच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी चिकटलेली असतात, फांदी धरायचा चिमटाच तो. त्यानं चुरा उकरायचा म्हणजे काय हाल. शेवटी एका मिस्त्रीकडून दोन पाट्या नदीची वाळू मिळाली, तीही कमी पडली, म्हणून मी शहाणपणा केला: माहेराहून, खानापूरहून आणलेली तांबडी माती निम्म्यानं मिसळली. दिसायला अगदी झाडाखालची जमीन. दोन दिवसांत दिव्याच्या उबेनं तिची वीट झाली. खानापूरच्या मातीच्या विटा आणि कौलं होतात हे मला लहानपणापासून माहीत, पण ऐन वेळी ते आठवायला नको का!

सुंबी एव्हाना फांदीवर ठरेना. एरवी तासन्‌तास एका जागी बसणारी, आता जाळीवर वर-खाली, कोपऱ्यात नखं मारणं, परत वर. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. मी ती धाव दिवसातून पन्नास वेळा कुंपणाला धडकताना बघत होते. किडे समोर धरले तर मान फिरवायची. पाणी मात्र प्यायची. शॅमेलिऑनला वाटीतलं साठलेलं पाणी पाणी म्हणून सहसा कळत नाही, पानावरचा थेंब लागतो, म्हणून सलाईनची नळी जास्वंदीवर टपटपत ठेवलेली असते.

रंगही बदलला. गर्द, जवळजवळ काळा, वर पिवळे आणि फिरोजी ठिपके. हे नेमकं एक नोव्हेंबरला. बाहेरच्यांना सांगते, एक नोव्हेंबर म्हणजे आमच्या गावात एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाच्या, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मिरवणुका आणि दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिन. सासरे सकाळी काळा शर्ट घालून निघाले आणि पिंजऱ्यापुढं थबकले. "बघा, हिनंसुद्धा पाळला!" मागून अक्कांचे मालक चहाला आलेले, ते म्हणाले, "रावसाहेब, नीट बघा, पिवळे ठिपके बी हाईत." दोघंही हसले. ती मात्र त्या दिवशी टबात पहिल्यांदा उतरली, विटेसारख्या मातीवर पाच-सात ओरखडे काढले आणि परत वर चढून बसली. मला रडू यायचं बाकी होतं.

रात्री माती काढून टाकली, ओळखीपाळखीतून अजून वाळू आणली, धुतली, ओली केली. दुसऱ्या दिवशी ती खणायला लागली. वीतभर खड्डा झाला असेल, तेवढ्यात चिरंजीव शाळेच्या मित्राला घेऊन आले आणि दोघांनी पिंजऱ्यात डोकी घातली. ती तशीच थांबली. डोळ्याचा एक बुरूज हळूच त्यांच्याकडं फिरला. मग खड्डा अर्धवट सोडून ती निघाली. खणताना कोणी बघितलं तर मादी काम सोडते आणि कधी कधी परत हात लावत नाही, हे मी पोराला सांगितलं होतं. पण मीही दर अर्ध्या तासानं पडदा सारून बघत होतेच. त्याला रागवायचं तोंड मला नव्हतं.

त्यानंतर दोन दिवस तिनं चार ठिकाणी उकरलं आणि चारही सोडले. वाळू सुकली का बघायला मी टबात कोपरापर्यंत हात घातला आणि हाताला काहीतरी जाणवलं. बारीक थरथर. टबाशेजारी पाण्याचं फुलपात्र ठेवून बघितलं: पाण्यावर सारखी वर्तुळं. आमच्या भिंतीपलीकडं यंत्रमागाचा शेड आहे. वडगाव-शहापूरचा माणूस मागाच्या आवाजातच जन्मतो, त्याला तो ऐकूच येत नाही. माग बंद पडले तर आम्ही दचकून उठतो. शॅमेलिऑनला बाहेरून कानाचं भोक नसतं, पण अशी हलकी थरथर त्याला अंगातून चांगली कळते. जिथं खणेल तिथं जमीन हलतेय. कुठली आई अशा जागी अंडी ठेवेल?

तिसऱ्या दिवशी डॉक्टर. पहिल्या ठिकाणी "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो" म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसरे डॉक्टर आयुष्यभर गाई-म्हशींत राहिलेले. सुंबीकडं बघून म्हणाले, "नोडोणा, बघू या. हिच्यात आणि म्हशीत वजनाचाच काय तो फरक." त्यांनी एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर बरगड्यांच्या मागं द्राक्षाचा घड दाटीनं भरल्यासारखी अंडी, चाळीसच्या आसपास. मग बेंगळुरातल्या, सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या मित्राला त्यांनी फोन लावला आणि अर्धा तास कन्नडात बोलत राहिले. मला एक शब्द सारखा ऐकू येत होता, मिल्क फीवर.

फोन ठेवून त्यांनी मला समजावलं ते आजवर वाचलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा सरळ होतं. गाय व्याली की दुधात कॅल्शियम जातं, रक्तातलं घसरतं, गाय बसते ती उठत नाही. कारण स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. अंडी बाहेर ढकलणारी पिशवी हाही स्नायूच. तिथं ताकद नसेल तर अंडी अडतात. म्हणून आधी कॅल्शियम आणि पाणी. कळा आणायचं इंजेक्शन आत्ता नको. अंडं अडकलेलं असताना जोर लावला तर आत फाटतं. "फांदी घट्ट धरतेय, डोळे उघडे आहेत, म्हणजे दम आहे. दिवसा डोळे मिटून खाली पडून राहिली, पकड सुटली, तर रात्र असो पहाट असो, घेऊन या. तेव्हा थांबायचं नाही." पातळ कॅल्शियम थेंबानं द्यायला दिलं. किती, ते इथं लिहीत नाही; ते वजनावर ठरतं आणि डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. वजन एकशे अठ्ठावन्न ग्रॅम भरलं. "आणि बाई, हिला जागा द्या. औषध तेच आहे."

जागा कुठून आणू? घरी येऊन मागाचं सांगितलं तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग खानापूरला ने की. पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय."

गंमत म्हणून बोलल्या असतील, पण दुसरा उपाय खरंच नव्हता. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा प्रवास, ऐन भरात आलेल्या मादीला. धाकधूक होतीच. खोक्यात एक आडवी फांदी बांधली, तिला त्यावर बसवलं, खोकं अंधारं केलं, गाडी नवऱ्यानं अशी चालवली की देसूरजवळ एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं असतं. टब नेला नाही. वाळूसकट तो पन्नास किलोच्या वर भरत होता.

माहेरी नदीच्या वाळूचा प्रश्नच नव्हता. घर बांधताना उरलेला ढीग परड्यात होता, त्यावर माझ्या पोराच्या आधी गावातली निम्मी मांजरं बाळपण काढून गेलेली. म्हणून ती मी सात पाण्यांनी धुतली आणि उन्हात तापवून घेतली. आमच्या शेजारी कुंभारकाका राहतात. मी माहेरच्याच एका टबात वाळू भरतेय आणि त्यात बोटानं भोकं पाडून बघतेय हे ते कुंपणावरून बघत होते. कशासाठी हे ऐकून त्यांनी चप्पल काढली आणि आत आले.

"निसती वाळू ढासळती. माती लई घातलीस तर दगूड हुतो. चारला एक घाल, चाळून." चाळलेली माती त्यांनी स्वतः मिसळली. मूठभर घेऊन दाबली. लाडू वळला. मूठ उघडून बोटांच्या पेरांकडं बघितलं, पाणी सुटलंय का. "एक तांब्या जास्त झालंय," म्हणून कोरडी वाळू घातली, परत मूठ. तिसऱ्या वेळी त्यांनी टबात अंगठा मुळापर्यंत खुपसला आणि सरळ वर ओढला. भोक जसंच्या तसं उभं. आत डोकावून बघितलं, कडा सुटत नव्हती. "हां, आता ह्यात तुझी सरडी घर बांधील." चाळीस वर्षं चाक फिरवलेल्या माणसाच्या अंगठ्याला जे कळतं ते मला आठवडाभर वाचून कळलं नव्हतं.

मागच्या पडवीत, जिथं कोणी जात-येत नाही, तिथं पिंजरा ठेवला. आईनं जुनं इरकली लुगडं काढून चारी बाजूंनी बांधलं. एका फटीत मी जुना मोबाईल लावला, म्हणजे स्वयंपाकघरात बसून बघता येईल. पहिला दिवस सुंबी नुसती फांदीवर. मीही स्वयंपाकघरात मोबाईल धरून. आई भाकरी थापत होती, तिला ते बघवेना.

"काय करालीस तिथं? ऊठ की."

"अगं, खणतेय का बघतेय."

"गाय व्यायला झाली की आपण गोठ्याचं दार लोटून घेतो. मांजर माळ्यावर जातंय. तुझ्या वेळी आठ बायका खोलीत होत्या, मला किती राग आलेला माहीत आहे? तोंडानं बोलता येत नव्हतं म्हणून गप्प." एवढं बोलून तिनं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला. मी जन्मले त्या खोलीची ही बातमी मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी एका सरडीमुळं कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊला तिनं सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, आई परड्यात गेली की मी बघत होते. पुढच्या दोन्ही चिमट्यांनी वाळू ओढायची, मग मागच्या पायांनी मागं फेकायची, एक-दोन मिनिटं गप्प, परत. ते गप्प बसणं मला सगळ्यात विलक्षण वाटलं. ऐकत असावी तशी. इथं ऐकायला काही नव्हतं, परड्यातला कोंबडा सोडला तर. दुपारी बारापर्यंत डोकं आत. चारला फक्त शेपटीचं टोक बाहेर. संध्याकाळी तेही नाही. दिवा ठरल्या वेळी बंद केला. रात्र भुयारातच काढते, तिला उकरून "सोडवायला" जायचं नाही, हे माहीत होतं, तरी रात्री दोनदा उठून पडवीच्या दारापर्यंत गेले. दार उघडलं नाही एवढं मात्र खरं. नोव्हेंबरातली खानापूरची थंडी, पायाला फरशी झोंबत होती.

सकाळी भुयाराच्या तोंडाशी तिचं तोंड होतं. आत डोकं घालून गेलेली, आता वळून शेपटीकडून आत. डोळे अर्धवट मिटलेले, पोटाची भात्यासारखी हालचाल. मोबाईलच्या पडद्यावर बाकी काही दिसत नव्हतं. दुपारनंतर ती बाहेर आली आणि वाळू आत लोटायला लागली. हे काम तिनं अंडी घालण्यापेक्षाही चिकाटीनं केलं. लोटायची, पुढच्या पायांनी दाबायची, अंग घासून सपाट करायची. तिन्हीसांजेला टब असा दिसत होता की इथं काही झालंय यावर कोणाचा विश्वास बसू नये. मग ती फांदीवर चढली. अर्ध्यात थांबली, परत चढली.

लुगडं सोडलं तेव्हा ती ओळखू येईना. कुशी आत गेलेल्या, कंबरेची हाडं वर, डोळे खोल, नाकावर वाळूचा थर. तीन दिवस हाक न मारलेल्या बाळंतिणीला आम्ही एकदम पाणी दाखवलं. कोमट पाण्याची बारीक फवारणी, आणि नळीचा थेंब तिच्या नाकासमोरच्या पानावर. ती पंधरा मिनिटं पीत राहिली. एक थेंब, मान वर, गिळणं, पुढचा थेंब. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन एकशे एक ग्रॅम. तिच्या अंगाचा एकतृतीयांशाहून जास्त भाग वाळूत होता.

बाळंतिणीचा खुराक म्हणून आईनं डिंकाच्या लाडवांचा विषय काढला नाही, पण ओळखीच्या एका तुतीवाल्याकडून रेशीमअळ्या मात्र तिनंच मागवल्या. मऊ, पाणीदार, पचायला हलक्या. पहिली अळी सुंबीनं बघितली, तोंडातून जीभ निम्मी बाहेर काढून विचार केला, आणि सट्‌कन ओढली. पंधरा दिवस खुराक, कॅल्शियमचे थेंब डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस. तिची पांढरी शी बघणं हे माझं रोजचं काम झालं. युरेट, म्हणजे तिच्या लघवीचा घट्ट भाग, पांढरं असलं म्हणजे पाणी पुरतंय, नारिंगी झालं की कमी पडतंय. चौथ्या दिवशी पांढरं स्वच्छ. मी ते आनंदानं आईला दाखवायला नेलं, ती पोळ्या करत होती, पुढचं लिहीत नाही.

अंडी उकरून काढली ती त्रेचाळीस. टबाच्या तळाशी, एका कोपऱ्यात, एकाला एक चिकटून. फळलेलं अंडं पांढरं आणि टणक असतं, ही पिवळसर, मऊ, काही चेपलेली. शंका असेल तर फ्रीजरमध्ये ठेवून मग टाकायची असतात. पण माझं माहेर माळकरी, आईच्या फ्रीजमध्ये आजवर अंडं शिरलेलं नाही, आणि सुंबीच्या ब्रह्मचर्याबद्दल भावाची खात्री होती. जास्वंदीच्या मुळाशी खोल खड्डा करून पुरली. चिरंजीवांनी दोन अंडी ओल्या कापसात घालून कंपासपेटीत लपवली होती, ती पाचव्या दिवशी बुरशीनं आणि वासानं उघडकीला आली.

वडगावला परत आल्यावर आठवड्यातून तीन वेळा, तीन-चार किडे, एकही जास्त नाही. ती एक डोळा डब्याकडं फिरवते, मी दुसरीकडं बघते. टब आता पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कायमचा आहे, कुंभारकाकांच्या चारास एकच्या मापानं भरलेला.

फेब्रुवारीच्या शेवटी परत आकाशी ठिपके आले. या वेळी फोटो काढला नाही, तारीख लिहून ठेवली. खानापूरला कधी निघायचं हे ठरवत होतो तर सासूबाई म्हणाल्या, "दुसरं बाळंतपण सासरीच." आणि खरंच चपला घालून भिंतीपलीकडं गेल्या. मागवाले काका संध्याकाळी स्वतः येऊन सांगून गेले, त्या भिंतीकडचे दोन माग चार दिवस बंद ठेवतो, तेवढ्यात त्यांचं तेलपाणी करून घेतो. जाताना दारात थांबून हळू आवाजात म्हणाले, "पण वैनी, सरड्यासाठी बंद ठेवलेत म्हणून गल्लीत कुणाला सांगू नका."